किती वेळा पडलास?

फोन आला तेव्हा मी गच्चीवर मटार सोलत बसले होते. डिसेंबरात लखनऊला दहा-साडेदहापर्यंत धुकं हटत नाही, आणि मग जे ऊन पडतं ते सोडून खाली यायला मन होत नाही. खालून नानांचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा, आवाज ऐकू येत होता. रेल्वेत चौतीस वर्षं इंजिनिअर म्हणून काढल्यामुळे फोनवर ते अजूनही ओरडूनच बोलतात. "येस, स्पीकिंग... येस, हिज फादर..." आणि मग आवाज बंद झाला. पुन्हा सुरू होईल म्हणून मी थोडी वाट पाहिली. टोपली तिथेच ठेवून खाली गेले, तर नाना रिसीव्हर मांडीवर घेऊन बसले होते आणि त्यातून कुणीतरी अजून बोलतच होतं. मी तो कानाला लावला. मस्कतच्या क्लबाचा मॅनेजर होता. सकाळी सहाच्या सरावात सतीश पाठीत कळ आली म्हणून बाकावर बसला, पाणी मागितलं, आणि पाणी येईपर्यंत... हॉस्पिटलात नेलं, पण नेण्यात काही अर्थ उरला नव्हता. तीस वर्षांचा होता.

सतीश माझा धाकटा दीर. घरात त्याला सगळे छोटू म्हणत. सहा फूट पाच इंचांच्या माणसाला छोटू म्हणायचं, याचं आमच्या घरात कुणाला हसू येत नसे, कारण नाव आधी ठेवलं होतं आणि उंची मागून आली होती. इथल्या हिंदी वर्तमानपत्रांनी त्याच्या जाण्याची बातमी चार ओळींत छापली. त्यातही उंची चुकवली, दोन इंच कमी करून टाकला त्याला. लखनऊच्या सिमेंटच्या कोर्टावरून उठून परदेशातल्या क्लबात पगारावर बास्केटबॉल खेळायला जाणं ही त्या काळात केवढी गोष्ट होती, हे त्या चार ओळींत मावणारं नव्हतंच. पण मी लिहायला बसले आहे ती त्याची कर्तबगारी सांगायला नाही. एक वाक्य होतं. एका डॉक्टरीणबाईंनी ते आमच्या हवाली केलं होतं, छोटूपर्यंत पोचवायला. ते वेळेवर पोचलं असतं तर आज तो कदाचित खेळत नसता, पण असता. मी असं म्हटलं की घरातले म्हणतात, तू उगाच मनाला लावून घेतेस. का नको घेऊ? या घरात पत्रं लिहायचं काम माझं होतं.

लग्न होऊन मी नाशिकहून इथे आले ती एकोणनव्वद साली. माझे यजमान अविनाश बँकेत, नानांसारखेच बुटके आणि गंभीर. छोटू तेव्हा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होता. गृहप्रवेशाच्या वेळी दारावरचं तोरण त्याच्या डोक्याला अडकून खाली आलं आणि सगळी बायकामंडळी अपशकुन झाला म्हणून गप्प झाली. हा पठ्ठ्या तोरण गळ्यात घालून मला म्हणाला, "वहिनी, वेलकम. इस घर में सब चीज नीची है, आदत डाल लीजिए." तो मराठी सगळं समजायचा, पण उत्तर बहुधा हिंदीत द्यायचा. मराठी बोलायचा तो फक्त आईशी, तेही तिच्या अकोल्याच्या वळणाचं. माझ्याशी त्याची लगेच गट्टी जमली, कारण मी त्याला दिवसाला बारा पोळ्या करून घालत होते आणि मोजत नव्हते.

कॉलेज सुटलं की तो सायकल मारत छावणीत जायचा. तिथे फौजेच्या संघाचा सराव चालायचा, आणि एका सुभेदारसाहेबांनी या पोराला आत घेतलं होतं. रोज संध्याकाळी दोन तास तो जवानांच्या कोपरांचे तडाखे खायचा. बास्केटखाली उभं राहून उडी मारायची, चेंडू ओढून घ्यायचा आणि खाली येताना कुणाच्या तरी अंगावर आदळायचं, हेच त्याचं काम. उंच माणसाला खेळात दुसरं काम देत नाहीत, असं तोच म्हणायचा. पण त्याचा हात फार मऊ होता. पाठ बास्केटकडे असताना डोक्यावरून, जणू काही देव्हाऱ्यावर फूल टाकावं तसा तो चेंडू टाकायचा, आणि तो जायचा. मी हे माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. विद्यापीठाच्या संघात आला, मग राज्याच्या संघात, आणि तिसऱ्या वर्षी रेल्वेतली खेळाडूंच्या कोट्यातली नोकरी चालून आली. नानांनी पेढे वाटले. पोराचा जन्म मार्गी लागला, असं ते ज्याला त्याला सांगत होते.

आई, म्हणजे माझ्या सासूबाई, एकदाच त्याची मॅच बघायला आल्या. आई स्वतः चांगल्याच उंच. नानांच्या शेजारी फोटोला उभं राहायला लाजायच्या, खुर्चीवर बसून घ्यायच्या. बोटं लांबसडक, आणि चष्मा इतका जाड की त्याच्याआड डोळे कुठेतरी दूर असल्यासारखे वाटत. लहानपणापासून त्यांना कमी दिसायचं. त्यामुळे चेंडू काही त्यांना दिसला नाही, मुलगा दिसला, कारण तो सगळ्यांत उंच होता. मॅच संपल्यावर छोटू घामाघूम होऊन आला, विचारलं, "कसा खेळलो?" तर म्हणाल्या, "खेळणं मले काही समजत नाही बापा. सात वेळा पडला तू." त्यांनी फक्त तेवढंच मोजलं होतं. तेव्हापासून तो कुठूनही खेळून आला की आधी आकडा सांगायचा. "आई, चार वेळा." आणि चार म्हटलं की आई समाधानाने ताट वाढायला घ्यायच्या.

त्र्याण्णवला मस्कतच्या एका क्लबाने त्याला बोलावलं. दिल्लीतल्या स्पर्धेत कुणीतरी त्याला पाहिलं होतं. पगार इथल्यापेक्षा पाचपट, राहायला जागा, वर्षातून एकदा विमानाचं तिकीट. व्हिसावर मात्र त्याचं काम लिहिलं होतं 'स्टोअरकीपर', कारण बास्केटबॉल खेळणारा असा कामगार त्यांच्या कागदात बसत नव्हता. नाना भडकले. पक्की नोकरी सोडून गोदाम सांभाळायला चाललास, म्हणून आठ दिवस बोलले नाहीत. आईंनी चिवडा केला. छोटू गेला. पहिला मोसम त्याने जवळजवळ बाकावर बसूनच काढला, आणि तरी दर पत्रात लिहायचा की मजेत आहे. दुसऱ्या मोसमात, म्हणजे चौऱ्याण्णवच्या ऑक्टोबरात, तो पहिल्या पाचांत आला. तिथल्या वर्तमानपत्रातलं कात्रण त्याने पाठवलं. अरबी कुणालाच येत नव्हतं, पण फोटो त्याचा होता. नाना ते कात्रण शर्टाच्या खिशात घालून आमच्या इथल्या कपूरथळा भागातल्या बाजारात भाजी आणायला जायला लागले. भाजीवाल्यालासुद्धा दाखवलं असणार, मला खात्री आहे.

आता पत्रांचं सांगते. घरात तेव्हा फोन नव्हता, शेजारच्या खन्नांकडे पहिल्या मजल्यावर होता, आणि आईंना जिना चढवत नसे. त्यामुळे आईंचं सगळं बोलणं पत्रातून. त्या सांगायच्या, मी लिहायची. दुपारची आवराआवर झाली की पलंगावर बसून त्या बोलायला लागायच्या आणि मी निळ्या एरोग्रामवर बारीक अक्षरात उतरवून घ्यायची. माझं अक्षर चांगलं म्हणून आई ते जो येईल त्याला दाखवायच्या, जशी काही ती त्यांचीच कमाई. सुरुवात ठरलेली असायची. 'चि. छोटूस अनेक आशीर्वाद. इकडे आम्ही सर्व खुशाल आहोत.' आमच्या घरातल्या कुठल्याही पत्राची दुसरी ओळ हीच असते. अविनाशला कावीळ झाली होती तेव्हाही हीच होती. दूर असलेल्या माणसाला काळजी कशाला, तो काय तिथून येऊन औषध देणार आहे... हे आमचं शहाणपण. तिकडून छोटूही तसाच. पहिल्या मोसमात त्याच्या गुडघ्यात पाणी झालं होतं, ते आम्हाला वर्षभराने कळलं. पत्राच्या शेवटी आई मात्र न चुकता विचारायच्या, 'किती वेळा पडलास?' आणि त्याच्या उत्तरात पहिल्याच ओळीत आकडा असायचा.

पंच्याण्णवची संक्रांत झाली आणि तिसऱ्या दिवशी आई ओट्याशी उभ्या असताना 'पाठीत काय झालं गं' म्हणून खाली बसल्या. छातीतून पाठीपर्यंत कुणी चिरत नेल्यासारखं होतंय, म्हणत होत्या. आम्ही टॅक्सीत घालून मोठ्या हॉस्पिटलात नेलं. चार तास होत्या. शेवटी एक तरुण डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. त्यांनी 'सॉरी' म्हटलं, आणि निघून न जाता तिथेच उभ्या राहिल्या. त्यांनी आईंची बोटं पाहिली होती, चष्मा पाहिला होता, हातापायांची लांबी पाहिली होती. नानांना विचारलं, "माताजी का कोई बच्चा इन पर गया है? लंबा, दुबला?"

आणि नाना... मी तिथेच उभी होते. बायको जाऊन दहा मिनिटं झाली नव्हती, आणि त्या प्रश्नाने त्यांची मान वर झाली. "जी, छोटा बेटा. छह फुट पाँच. बाहर बास्केटबॉल खेलता है, प्रोफेशनल."

बाईंचा चेहरा उतरला. म्हणाल्या, "उनसे कहिए खेलना बंद कर दें. जब तक दिल की जाँच न हो जाए, एक दिन भी न खेलें. दिल से जो बड़ी नस निकलती है, माताजी की वही फटी है. यह बीमारी खानदान में चलती है." मग माझ्याकडे वळून पुन्हा म्हणाल्या, "आप लोग बता दीजिएगा उनको. ज़रूर."

मी 'जी' म्हटलं. हे 'जी' माझं आहे, दुसऱ्या कुणाचं नाही.

त्याला बोलवायचं की नाही यावर घरात फार चर्चा झालीच नाही. पासपोर्ट क्लबाकडे, सुटीचे कागद, तिकीट, यायला चार-पाच दिवस तरी लागणार. अंत्यदर्शन तर मिळणार नाहीच. नाना म्हणाले, "मोसम मार्चमध्ये संपतो. पहिल्यांदा पाचांत आलाय. आता मधूनच आला तर पुन्हा कोण उभं करणार त्याला? येऊ दे मार्चमध्ये, समोर बसवून सांगू." आणि डॉक्टरांचं वाक्य? "तेही तेव्हाच सांगू. डॉक्टर लोक घाबरवतातच." अविनाशने अग्नी दिला, दिवस त्यानेच केले. तेरावं झाल्यावर आम्ही अविनाशला घेऊन गेलो आणि त्याच्या हृदयाची तपासणी करून घेतली. अर्ध्या तासाचं काम. पाच फूट पाच इंचांचा माणूस, सगळं ठणठणीत निघालं. ज्याला गरज नव्हती त्याची तपासणी झाली आणि आम्हाला सगळ्यांनाच हायसं वाटलं. या हायसं वाटण्याची मला आजही शरम वाटते.

फेब्रुवारी लागला आणि छोटूचं पत्र आलं. आईच्या नावाने. 'आई, तीन वेळा. तुझं पत्र नाही. मॅच टीव्हीवर दाखवली इथे. लोणचं घातलंस का?' नानांनी ते दोनदा वाचलं. मग ते घडी करून माझ्यापुढे ठेवत म्हणाले, "मीना, तू लिही. अक्षर तर तुझंच असतं."

मी नाही म्हणायला हवं होतं. माझा स्वभाव काही गरीब गायीचा नाही, या घरात मी पुष्कळदा नाही म्हटलेलं आहे. पण त्या दिवशी नाना इतके लहान दिसत होते... मी एरोग्राम घेतला, आईंच्या पलंगावर बसले आणि लिहिलं. 'चि. छोटूस अनेक आशीर्वाद. इकडे आम्ही सर्व खुशाल आहोत.' भीतीची गोष्ट अशी की मला काही सुचावं लागलं नाही. जवळजवळ दोन वर्षं त्यांचं बोलणं उतरवून घेतलं होतं, ते हातात बसलं होतं. थंडी ओसरत आली, नाना फिरायला जातात, लिंबाचं लोणचं घातलं आहे, जास्त चिकन खाऊ नकोस, उष्ण पडतं. शेवटी 'किती वेळा पडलास?' मार्चच्या सुरुवातीला दुसरं लिहिलं. त्याचंही उत्तर आलं. 'आई, एकदाच! तेसुद्धा मी नाही पडलो, दुसरा पडला माझ्यावर.' घरात आईंच्या फोटोला हार होता आणि मी ते उत्तर हातात घेऊन उभी होते.

मोसम संपून तो आला. अविनाश चारबागला त्याला घ्यायला गेला. ठरलं असं होतं की त्याने स्टेशनवरच सांगायचं. पण गाडीतून उतरल्या उतरल्या छोटूने त्याला उचलून गोल फिरवलं म्हणे, आणि मग रिक्षात तो सारखा बोलतच होता, आणि अविनाशला जागा सापडेना. घर आलं. "आई, मैं आ गया, तुझ्या गुडघ्याला पट्टे आणलेत बघ," असं ओरडत तो वाकून दारातून आत आला, आणि समोर भिंतीवर फोटो. हार वाळलेला होता, मी सकाळी बदलायला विसरले होते.

तो रडला नाही. पट्ट्यांची पिशवी हातातच होती. "कब?"

नाना म्हणाले, "संक्रांतीनंतर. तिसऱ्या दिवशी."

तो हिशेब करत राहिला. मग म्हणाला, "मार्च की चिट्ठी है मेरे पास. आई की." आणि माझ्याकडे बघितलं. "अक्षर तुमचं असतं ते मला माहीत होतं, वहिनी. पण बोलणं तिचं होतं." हे तो मराठीत म्हणाला. माझ्याशी मराठीत तो पहिल्यांदाच बोलला, आणि 'तुम्ही' इतकं लांबचं मला कधी वाटलं नव्हतं.

चार दिवस राहिला. पान वाढलं की जेवायचा, उठायचा. तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून विचारलं, "लोणचं? तेही तुम्हीच बनवलेलं?" मी म्हटलं, "नाही रे. ते खरं आहे. डिसेंबरात त्यांनीच घातलं." बरणी दाखवली. ती त्याने कपड्यात गुंडाळून बॅगेत घातली. त्या चार दिवसांत डॉक्टरीणबाईंचं वाक्य कोण काढणार? नाना म्हणाले, आता नको, आधीच बिथरलाय. अविनाश म्हणाला, नाना सांगतील. मला वाटलं, मी तोंड उघडलं तर तो उठून जाईल. एवढी मोठमोठी माणसं घरात, आणि एक वाक्य चार दिवस भिंतीला टेकून उभं राहिलं. तो गेला. जाताना नानांच्या पाया पडला, माझ्याही पडला. त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

जूनमध्ये मला राहवेना. मी नानांना न सांगता पत्र लिहायला बसले. तीन पानं झाली. पहिली दोन माफीची. का लिहिली ती पत्रं, कशी लिहिली, मला किती लाज वाटते. आणि तिसऱ्या पानावर डॉक्टरीणबाई जे बोलल्या ते, त्यांच्याच शब्दांत, हिंदीत. खाली दोन रेघा मारल्या. एरोग्रामवर मावेना म्हणून पाकीट केलं, आणि मागे प्रेषक म्हणून पहिल्यांदाच माझं नाव घातलं, सौ. मीना. आजवर तिथे आईंचं नाव असायचं. रजिस्टर करून पाठवलं. उत्तर आलं नाही. नानांना त्याची चार ओळींची पत्रं येत, त्यात आकडा नसे.

पुढच्या वर्षी तो आठवडाभर आला तेव्हा मी त्याला स्वयंपाकघरात गाठलं. विचारलं, "पत्र मिळालं ना माझं?" तो म्हणाला, "मिळालं." मी पुढे विचारलं नाही. 'मिळालं' म्हणजे वाचलं, आणि वाचलं म्हणजे त्याने त्याचं ठरवलं, असा मी अर्थ घेतला. आपल्यात असंच असतं ना... अवघड ते कागदावर लिहायचं आणि तोंडाने फक्त पोचलं का एवढं विचारायचं. त्यानंतर तो खेळत राहिला. क्लबाने दोन वेळा करार वाढवला, एक वर्ष त्याला कॅप्टन केलं. मला वाटे, याने तपासणी करून घेतली असेल, ठीक निघालं असेल. कधी वाटे, याला कळलंय आणि तरी खेळतोय, आई गेली तसंच जाऊ, असं डोक्यात घेतलंय. नाना स्थळं आणत, तो नाही म्हणे. मी मनात म्हणे, बरोबरच आहे, बिचारा कुणाच्या मुलीचं नुकसान करत नाहीये. मला त्याचं कौतुक वाटायचं आणि रागही यायचा. तीन वर्षं मी त्याच्या मनातलं सगळं त्याला न विचारता जाणत होते.

त्याला आणलं ती पेटी आमच्या बैठकीत मावली नाही. अंगणात ठेवावी लागली. मस्कतच्या कागदांवर कारण इंग्रजीत लिहिलेलं होतं, आणि ते आईंच्या कागदांवरचंच होतं, फक्त टाइप वेगळा. अविनाशने पुन्हा अग्नी दिला.

मागच्या रविवारी थॉमस आला. केरळचा, छोटूच्या संघातला, पाच वर्षं त्याच्या खोलीत राहिलेला. सुटीवर गावी जाताना वाट वाकडी करून, दोन दिवसांचा प्रवास करून तो त्याचं सामान पोचवायला लखनऊला आला. बूट, कपडे, ढाली. सगळ्यांत खाली एक प्लॅस्टिकची पिशवी, तिच्यात निळे एरोग्राम. आईंची पत्रं. बरीच होती, आणि सगळी हाताळलेली, पण वरची दोन बघवत नव्हती. घड्यांवर फाटून त्यांचे तुकडे झाले होते आणि मागून चिकटपट्टी लावली होती, चिकटपट्टीही पिवळी पडली होती. मी तारखा पाहिल्या. फेब्रुवारी आणि मार्च. ती माझी होती.

पिशवीच्या तळाशी माझं पाकीट होतं. बंद. जसं पोस्टात दिलं तसंच.

थॉमस म्हणाला, "भाभी, ये वाला मैं एक बार पूछा उसको. खोलता क्यों नहीं? बोला, इसमें माफी होगा. पढ़ूँगा तो माफ करना पड़ेगा. अभी नहीं, बाद में." मग वरच्या दोन पत्रांकडे बोट करून म्हणाला, "ये दो वाला रोज पढ़ता था. मैच के पहले."

थॉमस गेल्यावर नानांनी विचारलं, ते पाकीट कसलं. मी सांगितलं. त्यांना ते पत्र लिहिल्याचं माहीतच नव्हतं. ते म्हणाले, उघड. मी सुरीने कड कापली. कागद कोरा करकरीत होता, शाई काल लिहिल्यासारखी निळी. मी वाचायला लागले. माफीची दोन पानं नानांनी डोळे मिटून ऐकली. तिसरं पान काढलं तसा त्यांनी हात वर केला. "ते मला माहीत आहे," म्हणाले. मग पलंगावरच्या त्या तुकड्यांकडे बोट करून म्हणाले, "ते वाच."

मी वाचलं. चि. छोटूस अनेक आशीर्वाद, इकडे आम्ही सर्व खुशाल आहोत... थंडी ओसरत आली, नाना फिरायला जातात. नाना मान हलवत होते. आईंचं बोलणं ऐकताना ते नेहमी हलवायचे तशी. आता रोज दुपारी चहा झाला की ते पिशवी पुढे करतात आणि मी तुकडे जुळवून वाचून दाखवते. तिसरं पान ते मागत नाहीत, आणि मीही काढत नाही.